डायल-अप दूरजोडणी

कर्मचाऱ्याच्या घरचा संगणक सार्वजनिक दूरध्वनी-वाहिनीवरून कार्यालयाच्या अंतर्गत जालाशी (नेटवर्कशी) तात्पुरता जोडण्याची पद्धत. दोन्ही टोकांना मोडेम, म्हणजे संगणकाची माहिती दूरध्वनीवरून जाणाऱ्या संकेतांत आणि उलट बदलणारे उपकरण, असतो. कार्यालयातील दूरप्रवेश-सर्व्हर कॉल घेतो, ओळख पडताळतो आणि घरच्या संगणकाला जालातील पत्ता देतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. सप्टेंबर १९४० मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ यांनी डार्टमथ महाविद्यालयातून टेलिप्रिंटरने न्यूयॉर्कमधील गणकयंत्राकडून गणिते सोडवून घेतली. काही अभ्यासक हाच पहिला दूरप्रवेश मानतात. परंतु तेथे जाल नव्हते, एकच यंत्र होते. सुमारे १९६२ मध्ये आलेल्या ‘बेल १०३’ मोडेममुळे साध्या दूरध्वनीवरून सेकंदाला ३०० बिट एकाच वेळी दोन्ही दिशांनी जाऊ लागले. तरी घरी असे ते केवळ टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाचा कळफलक आणि छपाई वा पडदा. जॅक नाइल्स यांनी १९७३ च्या सुमारास ‘टेलिकम्युटिंग’ (कार्यालयात न जाता दूरसंपर्काने काम करणे) ही संज्ञा रूढ केली, पण तिचा रोख प्रवास टाळण्यावर होता. घरचा संगणक स्वतःच जालाचा घटक होणे हा निकष लावल्यास ‘स्लिप’ (१९८८) आणि विशेषतः ‘पीपीपी’ (प्रमाणित रूप १९९४) या, दूरध्वनीवरून संगणक जालाशी जोडण्याच्या संकेतप्रणालींपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

वेग : दूरध्वनी-वाहिनी स्थूलमानाने ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते. मोडेमच्या व्ही.३४ मानकाने (१९९४) त्यातून सेकंदाला प्रथम २८.८ आणि पुढे ३३.६ किलोबिट वेग साधला. व्ही.९० (१९९८) मानकाचा ५६ किलोबिट वेग कार्यालयाकडून घराकडे येणाऱ्या माहितीपुरताच आहे आणि त्यालाही एक अट आहे : कार्यालयाचे टोक एक्सचेंजशी डिजिटल वाहिनीने जोडलेले हवे. दोन्हीकडे साध्या तारा असल्यास ५६ किलोबिटचे मोडेम बसवूनही वेग ३३.६ च्या वर जात नाही. ही बाब नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण खर्चाचा सगळा हिशेब तिच्यावर अवलंबून असतो. डिजिटल पीआरआय वाहिनी २.०४८ मेगाबिटची असून तिच्यावर एका वेळी ३० कॉल घेता येतात.

सुरक्षा : ओळख पडताळण्याच्या ‘पॅप’ पद्धतीत परवलीचा शब्द उघडा जातो. ‘चॅप’ पद्धतीत सर्व्हर प्रत्येक वेळी नवा यादृच्छिक अंक पाठवतो आणि गुप्त शब्दाच्या आधारे काढलेले उत्तर तपासतो. शब्द तारेवर येतच नाही. ‘कॉलबॅक’मध्ये सर्व्हर फोन ठेवून नोंदलेल्या क्रमांकावर उलट कॉल करतो. त्यामुळे भलत्या ठिकाणाहून शिरकाव अवघड होतो आणि कॉलचे बिलही कार्यालयाकडे जाते.

ठाणे–नवी मुंबई : हे दोन्ही भाग ‘एमटीएनएल’ या सरकारी दूरध्वनी कंपनीच्या क्षेत्रात येत असत आणि त्यांचा संकेतांक मुंबईचाच, ०२२ आहे. म्हणून नौपाड्यातून किंवा वाशीतून फोर्टमधल्या कार्यालयाशी संकेतांक न लावता जोडणी करता येई. डोंबिवली-कल्याणचा संकेतांक मात्र ०२५१. कॉलबॅकमध्ये बिल कार्यालयाकडे जात असल्याने तेथील कर्मचाऱ्यांसाठी त्याचे मोल अधिक. वागळे इस्टेट, महापे, बेलापूर येथे कार्यालये वाढली तशी उलट दिशेची जोडणीही उपयोगाची ठरली. पावसाळ्यात भूमिगत केबलच्या जोडांत पाणी शिरले की तारेवर खरखर वाढते. मोडेम वेग उतरवून पुन्हा जुळवणी करतात किंवा कॉल तुटतो.

विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केल्यावर थेट कार्यालयाला कॉल करण्याऐवजी इंटरनेटवरून व्हीपीएनने (सुरक्षित खासगी मार्गाने) जोडणे शक्य झाले. तांब्याच्या त्याच तारेवर एडीएसएल ब्रॉडबँड आल्यावर डायल-अप मागे पडले.