चालण्याची जैवयांत्रिकी : तरुणांची चाल

चालताना शरीरावर येणारी बले, सांध्यांच्या हालचाली आणि स्नायूंचे कार्य यांचा अभ्यास म्हणजे चालण्याची जैवयांत्रिकी. साधारण १८ ते ३० वर्षांच्या निरोगी माणसांची चाल या शाखेत मापदंड मानतात. पक्षाघात झालेल्या किंवा कृत्रिम पाय बसवलेल्या रुग्णाची चाल तिच्याशी ताडून पाहिली जाते. सत्तरीच्या माणसालाही हाच मापदंड लावणे मात्र चुकीचे आहे. त्याची तुलना त्याच्या वयोगटाशीच व्हायला हवी.

चालचक्र : एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा काळ म्हणजे एक चालचक्र. मिनिटाला ११४ पावले आणि पावलाची लांबी ७० सेंमी. धरली, तर वेग सेकंदाला १.३३ मी. (ताशी ४.८ किमी.) येतो आणि एक चक्र सुमारे १.०५ सेकंदात पुरे होते. त्यातला ६०% काळ पाय जमिनीवर आणि ४०% हवेत असतो. चक्रात दोनदा, प्रत्येकी जेमतेम एक दशांश सेकंद, दोन्ही पाय जमिनीवर असतात. वेग वाढवत नेला की हा दुहेरी आधार आकसत जातो. तो नाहीसा झाला की माणूस धावू लागलेला असतो.

टाच टेकताना गुडघा जवळजवळ सरळ असतो, लगेच १५ ते २० अंशांत वाकून धक्का पचवतो आणि पाय हवेत असताना सुमारे ६० अंशांपर्यंत दुमडतो. तरीही अंगठा जमिनीपासून फक्त एक-दोन सेंमी. उंचीवरून पुढे सरकतो. फरशीच्या किंचित वर आलेल्या कडेलाही ठेच लागते ती यामुळेच.

ऊर्जा : टेकलेल्या पायावरून शरीर उलट्या लंबकासारखे पुढे कलते. एका पायावर उभे असताना गुरुत्वमध्य सर्वांत उंच आणि वेग कमी. दुहेरी आधारात तो चार-पाच सेंमी. खाली आणि वेग जास्त. स्थितिज आणि गतिज ऊर्जेच्या या अदलाबदलीतून नेहमीच्या वेगाला साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा परत वापरता येते. उरलेला खर्च मुख्यतः पाऊल बदलताना होतो. पुढची टाच टेकते तेव्हा शरीर खाली झुकत असते, त्याला पुन्हा वर वळवावे लागते आणि त्या टकरीत ऊर्जा वाया जाते.

तरुण चालीचे खरे वैशिष्ट्य इथे दिसते. पुढची टाच टेकण्याच्या ऐन आधी मागच्या पायाची पोटरी चवड्यावरून जोरदार रेटा देते, त्यामुळे टक्कर सौम्य होते. त्याआधीच्या अर्ध्या सेकंदात ताणली गेलेली टाचेमागची कंडरा स्प्रिंगप्रमाणे आखडून या रेट्यात भर घालते. रेटा उशिरा आला तर तेच अंतर कापायला जास्त खर्च येतो. वय वाढते तसा घोट्याचा वाटा घटतो आणि त्याच वेगाला खुब्याचे स्नायू जास्त राबतात. पावले आखूड झाली म्हणून केवळ मांडीचे व्यायाम देणे त्यामुळे अपुरे ठरते. पोटरीकडे पाहायलाच हवे.

पाय टेकलेला असताना जमीन त्याला वरच्या दिशेने जे उलट बल देते (उभी प्रतिक्रिया), त्याच्या आलेखात दोन उंचवटे असतात, प्रत्येकी शरीराच्या वजनाच्या सुमारे १.१ पट, आणि मध्ये दरी. पहिला उंचवटा भार घेण्याचा, दुसरा रेट्याचा. माणूस रेंगाळत चालला की दरी उथळ होते. सपाट आलेख दिसला म्हणून लगेच दुर्बलता समजू नये. आधी वेग पाहावा.

बिघाड : नडगीपुढचा स्नायू टाच टेकल्यावर पाऊल हळूहळू खाली सोडतो. तो अशक्त असेल तर पाऊल ‘फट्’ आवाज करत आपटते. तो पुरता निकामी झाला तर चवडा लोंबतो आणि माणूस गुडघा उंच उचलून चालतो. खुब्याच्या बाहेरील बाजूच्या स्नायूची कथा वेगळी. एका पायावर उभे असताना उरलेल्या शरीराचा भार त्याला तोलावा लागतो, पण सांध्यापासूनची त्याची तरफ (बल लागते तिथपर्यंतचे अंतर) भाराच्या तरफेच्या निम्म्याहूनही आखूड असते. म्हणून साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. हा स्नायू दुबळा झाला की विरुद्ध बाजूची कंबर खचते किंवा धड दुबळ्या बाजूला झुकते. काठी विरुद्ध हातात धरायची ती याच कारणाने. दुखऱ्या बाजूच्या हातात ती फारशी कामाची नाही.

मोजमाप : साध्या चाचणीला १४ मी. मोकळी वाट पुरते. सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या १० मीटरचा वेळ घ्यावा, कारण कडांना माणूस वेग पकडत किंवा सोडत असतो. प्रयोगशाळेत जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट, म्हणजे पायाखालचे बल मोजणारी पाटी, असते. ती कुठे आहे हे सांगू नये. सांगितले की माणूस तिच्यावर नेमका पाय पडावा म्हणून पाऊल तोडतो किंवा ताणतो आणि मोजमाप फसते. हालचाल टिपण्यासाठी त्वचेवर चिकटवलेल्या खुणा, विशेषतः मांडीवरच्या, हाडाबरोबर न हलता मांसाबरोबर सरकतात. त्यामुळे गुडघा पायाच्या उभ्या अक्षाभोवती किती वळतो याचे आकडे जपून वाचावेत. चालणाऱ्याच्या हातात मोबाइल नसावा. पडद्याकडे पाहत चालणाऱ्याची गती मंदावते आणि पावले आखूड होतात.

किशोरवयात पाय झपाट्याने लांब होतात, म्हणून नुसत्या वेगाची तुलना दिशाभूल करते. ९० सेंमी. लांब पायाच्या तरुणाचा सेकंदाला १.३ मी. वेग आणि ७० सेंमी. पायाच्या मुलाचा १.१५ मी. वेग यांत्रिकदृष्ट्या समतुल्य आहेत, कारण तुल्य वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो.