ओल्ड फोक्स ॲट होम

"ओल्ड फोक्स ॲट होम" हे १८५१ साली न्यूयॉर्कमध्ये छापलं गेलेलं अमेरिकन गाणं, बरेच जण याला "स्वानी रिव्हर" म्हणूनच ओळखतात. लिहिलं आणि चाल लावली स्टीफन फॉस्टरने, पण छापील कागदावर नाव आलं ई. पी. ख्रिस्टीचं. हा ख्रिस्टी मिन्स्ट्रेल कंपनीचा मालक, म्हणजे गोरे लोक जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या गुलामांची नक्कल करायचे आणि पब्लिक तिकीट काढून हसायचं, तसले शो. आपलं नाव असल्या गाण्यांना नको असं फॉस्टरला वाटत होतं, म्हणून त्याने थोडक्या डॉलर्सवर क्रेडिट विकून टाकलं, आणि गाणं तुफान चालल्यावर १८५२ मध्ये ख्रिस्टीला पत्र लिहून ते परत मागितलं. ख्रिस्टी कसला देतोय!

नदीची गोष्ट तर अजून भारी आहे. फॉस्टर पिट्सबर्गचा, नदी फ्लोरिडातली, आणि फ्लोरिडा त्याने कधी बघितलंच नाही. त्याचा भाऊ मॉरिसन सांगायचा की स्टीफन एकदा त्याच्या ऑफिसात आला आणि म्हणाला, दक्षिणेतल्या एखाद्या नदीचं दोन अक्षरी नाव सांग. याझू सुचवलं, ते नको, पीडी पण पसंत नाही, मग ॲटलास काढला आणि त्यात सुवानी सापडली, तिला मीटरमध्ये बसवायला त्याने "स्वानी" करून टाकलं. आज त्याच नदीकाठी व्हाइट स्प्रिंग्जला फॉस्टरच्या नावाचं म्युझियम आहे.

खरा वांधा शब्दांचा आहे. गाणारा काळा माणूस घरापासून लांब भटकतोय आणि त्याला आठवण येते ती जुन्या मळ्याची, जिथे माणसं गुलाम म्हणून राबवली जायची. चाल मात्र कमालीची गोड, साधी, एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही, म्हणून तर चेक संगीतकार द्वोर्झाकने तिची वेगळी मांडणी केली आणि अमेरिकन गायक रे चार्ल्सने १९५७ मध्ये "स्वानी रिव्हर रॉक" करून तिला पार नाचायला लावलं. माझ्या मते हे दोन्ही एकदम खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

फॉस्टर १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात वारला, वय ३७, पाकिटात ३८ सेंट.

१९३५ साली फ्लोरिडाने हे राज्यगीत केलं. २००७ मध्ये गव्हर्नर चार्ली क्रिस्टने आपल्या शपथविधीला ते वाजवू दिलं नाही, तेव्हा पुन्हा वाद पेटला आणि २००८ मध्ये तोडगा निघाला तो टिपिकल सरकारी: गाणं ठेवलं, त्यातला मळा आणि काळ्यांसाठीचा हिणवणारा शब्द काढला, आणि वर "राज्य अँथम" म्हणून दुसरंच एक गाणं आणून बसवलं.