मॉरिशसच्या घरखर्चाची वही आणि महागाईचा आकडा

मॉरिशसमध्ये २०२२ साली महागाईचा दर १०.८ टक्के होता, २०२३ साली तो ७ टक्क्यांवर आला आणि २०२४ साली ३.६ टक्के झाला. ‘महागाई उतरली’ असे त्यावर सगळीकडे म्हटले गेले. तिथल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्या परिचयाच्या एका बाईंनी फोनवर मला विचारले, “उतरली म्हणजे काय? दुधाच्या पावडरीचा भाव तर तसूभरही उतरलेला नाही, आणि आमच्या खर्चाशी हा आकडा कधीच का जुळत नाही?” त्यांच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर चार ओळींत संपते; दुसऱ्यासाठी मात्र हा सगळा लेख लिहावा लागला.

महागाईचा दर हा भाववाढीचा वेग असतो. वेग कमी झाला तरी गाडी पुढेच जात असते. २०२१ साली जी सरासरी खरेदी १,००० रुपयांत होत होती, तिला वरचे तीन दर एकामागून एक लावले तर २०२४ साली त्याच खरेदीला सुमारे १,२२८ रुपये लागतात. दर उतरला हे खरे आणि भाव उतरले नाहीत हेही खरे. या दोन विधानांत विरोध नाही.

दुसरा प्रश्न असा, की ‘सरासरी खरेदी’ म्हणजे नेमकी कोणाची खरेदी? त्याचा शोध घेण्यासाठी मॉरिशससारखा देश फार सोयीचा आहे, कारण तो लहान आहे, त्याच्या सीमा समुद्राने आखलेल्या आहेत आणि बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू बंदरातून किंवा विमानतळावरूनच आत येते. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम महानगराएवढी. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून गेलेल्यांचे वंशज तिथे आजही आपली मराठी ओळख जपून आहेत, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

तिथला सांख्यिकी विभाग साधारण दर पाच वर्षांनी कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करतो. २०१२ आणि २०१७ सालच्या पाहण्यांत प्रत्येकी ६,७२० कुटुंबे निवडली गेली होती आणि ती वर्षभरात दरमहा ५६० अशी विभागलेली होती. ही विभागणी महत्त्वाची आहे. डिसेंबरमध्ये तिथल्या नोकरदारांना कायद्याने वर्षअखेरचा बोनस मिळतो आणि त्या महिन्यात दुकाने ओसंडून वाहतात. जानेवारी ते मार्च या काळात चक्रीवादळांचा जोर असतो, त्यात भाजी कडाडते. मग महाशिवरात्र, ईद, गणपती, दिवाळी, नाताळ असे सण पाठोपाठ येतात. एकाच महिन्यात पाहणी उरकली असती तर मिळालेला खर्च त्या महिन्यापुरताच खरा ठरला असता.

अशा पाहणीत कुटुंबे आपला रोजचा खर्च ज्या वहीत लिहितात, तिचे एक पान डोळ्यांसमोर आणावे. सकाळी पाव, नंतर बाजारातून अर्धा किलो ‘पोम दामूर’, म्हणजे आपला टोमॅटो, दुधाच्या पावडरीचे पाकीट, कारण ताजे दूध बेटावर थोडेच होते, मोबाइलचे रिचार्ज, दुपारी कामाच्या ठिकाणाजवळ कागदात गुंडाळून मिळालेली दालपुरीची जोडी. तिथे दालपुरी जोडीनेच विकतात. विद्यार्थ्यांचा आणि ज्येष्ठ नागरिकांचा बसप्रवास २००५ पासून सरकारने मोफत केलेला असल्यामुळे मुलांच्या तिकिटाची ओळ या पानावर येतच नाही. खर्च नाही म्हणजे प्रवासच नाही असा अर्थ कोणी काढू नये, एवढे मात्र हे पान वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

अवघ्या ६,७२० वह्यांवरून साऱ्या देशाचा खर्च कसा कळणार, ही शंका रास्त आहे. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले लहान आहे की मोठे याने फारसा फरक पडत नाही. किती शिते दाबून पाहिली आणि ती भाताच्या सर्व थरांतून आली का, यालाच महत्त्व असते. म्हणूनच लहान देशाला लहान नमुना पुरतो हा समज चुकीचा आहे. तेवढाच अचूक राष्ट्रीय आकडा हवा असेल तर बारा लाखांच्या देशालाही जवळजवळ तेवढीच कुटुंबे तपासावी लागतात जेवढी बारा कोटींच्या देशाला लागतील, आणि हा भार लहान देशाच्या तिजोरीला अधिक जाणवतो.

आता या वह्यांतून जे दिसते त्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून २०१७ पर्यंत मॉरिशसमध्ये खाण्यापिण्यावरील खर्चाचा वाटा घटत गेला. या शतकाच्या सुरुवातीला तो सोळा आण्यांच्या रुपयातल्या पाच आण्यांच्या जवळ होता, २०१७ च्या पाहणीपर्यंत चार आण्यांवर आला. यामागचा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडला. कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रीडरिश एंगेल्स ते हे नव्हेत. सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कार्यालयात काम करणाऱ्या या एंगेलने बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे हिशेब तपासले आणि त्याला आढळले, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. समाजशास्त्रांमध्ये इतका काळ टिकलेले आणि इतक्या देशांत खरे ठरलेले नियम फार थोडे आहेत, आणि हा त्यांतला एक आहे, म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आदर वाटतो.

या नियमाचे गणिती रूप आणखी सुंदर आहे. होलब्रुक वर्किंग या अमेरिकी अभ्यासकाने १९४३ साली दाखवले, की अन्नाचा वाटा एकूण खर्चाच्या लॉगरिदमच्या प्रमाणात घटतो. सोप्या शब्दांत सांगायचे तर एकूण खर्च दरवेळी दुप्पट झाला की वाटा दरवेळी सारख्याच टक्क्यांनी खाली येतो. समजा, महिना २०,००० रुपये खर्चणाऱ्या कुटुंबाचा अन्नावरील वाटा ४० टक्के आहे आणि प्रत्येक दुपटीला तो ८ टक्क्यांनी घटतो. मग ४०,००० रुपयांना तो ३२ टक्के होईल आणि ८०,००० रुपयांना २४ टक्के. आता रुपयांत पाहा: अन्नावर अनुक्रमे ८,०००, १२,८०० आणि १९,२०० रुपये खर्च झाले. वाटा घटला, रक्कम वाढली. ‘लोक आता कमी खाऊ लागले’ असा निष्कर्ष वाटा पाहून काढणारे इथेच फसतात. ज्यांना थोडे खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच, की याच उदाहरणात पहिल्या कुटुंबाचा एकूण खर्च एक टक्का वाढला तर त्याचा अन्नखर्च ०.७१ टक्के वाढतो, तिसऱ्या कुटुंबाचा मात्र ०.५२ टक्केच, पोट भरलेल्या घरात नवा रुपया स्वयंपाकघराकडे कमी वळतो, ही रोजच्या अनुभवातली गोष्ट या सूत्रातून आपोआप बाहेर पडते.

मॉरिशसच्या घटत्या वाट्यात मात्र एक छुपा भाग आहे. खर्चाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी ‘अन्न’ या गटात घरी आणलेल्या खाद्यवस्तूच धरते. दुपारी खाल्लेली दालपुरीची जोडी ‘उपाहारगृहे’ या वेगळ्या गटात जाते. पती-पत्नी दोघेही नोकरीला जाऊ लागले आणि दुपारचे जेवण घरातून रस्त्यावर सरकले, की खाणे तेवढेच राहूनही अन्नाचा वाटा घटलेला दिसतो. समृद्धीमुळे घट किती झाली आणि जेवणाची जागा बदलल्यामुळे किती, हे दोन्ही गट एकत्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. भारतातील पाहणीत शिजवलेले बाहेरचे अन्नही अन्नातच मोजतात. त्यामुळे २०२२-२३ च्या आपल्या पाहणीतले ग्रामीण भागाचे ४६ टक्के आणि शहरी भागाचे ३९ टक्के हे आकडे उचलून थेट मॉरिशसच्या आकड्याशेजारी ठेवणे बरोबर नाही.

आता बाईंच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. वह्यांतून मिळालेले हे वाटेच महागाईच्या गणितात ‘भार’ म्हणून वापरले जातात. ज्या वस्तूवर देश अधिक खर्च करतो तिच्या भाववाढीला निर्देशांकात, म्हणजे सरासरी भाव मोजणाऱ्या आकड्यात, अधिक वजन मिळते. पण भार काढताना आधी सर्व कुटुंबांच्या खर्चाची बेरीज केली जाते आणि मग त्या बेरजेत अन्न किती, वाहतूक किती, हे पाहिले जाते. याचा परिणाम दोन कुटुंबांच्या कल्पित देशात पाहू. पहिले कुटुंब महिन्याला १०,००० रुपये खर्च करते आणि त्यातले ४,००० अन्नावर जातात, म्हणजे ४० टक्के. दुसरे ६०,००० खर्च करते, त्यातले ९,००० अन्नावर, म्हणजे १५ टक्के. दोन्ही मिळून ७०,००० रुपयांत अन्नाचे १३,००० होतात, म्हणून निर्देशांकात अन्नाचा भार साधारण १८.६ टक्के येतो. एका वर्षी अन्न २० टक्क्यांनी महागले आणि बाकी सगळे भाव स्थिर राहिले, तर पहिल्या घराचा खर्च ८ टक्क्यांनी वाढेल, दुसऱ्याचा ३ टक्क्यांनी, आणि सरकारी दर येईल ३.७ टक्के. हा दर श्रीमंत घराच्या अनुभवाला चिकटून बसलेला आहे, गरीब घराच्या अनुभवापासून कितीतरी दूर आहे. दोन्ही घरांच्या दरांना सारखेच वजन देऊन सरासरी काढली असती तर ५.५ टक्के मिळाले असते.

यात कोणी लबाडी केलेली नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. या गणितात माणशी एक मत नसते, रुपयामागे एक मत असते. साऱ्या देशाच्या खर्चाचे मूल्य किती फुगले हे जाणून घ्यायचे असेल, तर हीच पद्धत योग्य आहे. पण एंगेलच्या नियमामुळे गरीब घराचे भार श्रीमंत घराच्या भारांहून ठरावीक दिशेने वेगळे असतात, आणि म्हणून अन्न इतर वस्तूंपेक्षा जास्त महागते त्या वर्षी हा दर सामान्य घराला हमखास कमी वाटतो. ‘सरकार आकडे दडपते’ असे म्हणून मोकळे होणारे या कारणापर्यंत पोहोचतच नाहीत. आपल्याकडे दरवर्षी जानेवारीत संक्रांतीने कोणते वस्त्र नेसले आहे आणि हातात काय धरले आहे यावरून त्या वस्तू महागणार अशी भाकिते फिरतात, आणि शिकलेली माणसेही ती पुढे पाठवतात. भाव चढण्याची कारणे पीक, चलन, वाहतूक आणि कर यांत असतात. ती शोधता येतात, मोजता येतात, म्हणून अशा भाकितांवर विसंबून राहण्याचे कारण नाही.

बेटावर ती कारणे विशेष स्पष्ट दिसतात. मॉरिशस आपले बहुतेक अन्न आणि सगळे खनिज तेल आयात करतो. २०१९ च्या अखेरीस एका डॉलरला तिथले सुमारे ३६ ते ३७ रुपये पडत. २०२४ मध्ये ४६ च्या आसपास पडू लागले. दुधाच्या पावडरीचा भाव न उतरण्याचे मोठे कारण इथे आहे: जगातील भाव खाली आले तरी चलनाच्या घसरणीने तो लाभ वाटेतच संपतो. उलट रेशनचा तांदूळ, पीठ आणि घरगुती गॅस यांची आयात सरकारी व्यापार महामंडळ करते आणि त्यांना अनुदान मिळते, म्हणून त्यांच्या ओळी वहीत बराच काळ जवळजवळ स्थिर राहतात. टोमॅटोसारखी भाजी मात्र बेटावरच पिकते, पण एका वादळात बागा झोपतात आणि पुढचे काही आठवडे भाव दुप्पट-तिप्पट होतात. जानेवारी २०२४ मधील बेलाल वादळानंतरही भाजी अशीच महागली.

खर्चाचा कल दुकानांच्या विक्रीवरून ओळखू पाहणाऱ्यांची इथे आणखी एक फसगत होते. २०१९ साली मॉरिशसला सुमारे १३.८ लाख पर्यटक आले, म्हणजे रहिवाशांपेक्षाही अधिक. दुकानांची विक्री वाढली तर ती रहिवाशांची की पाहुण्यांची, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही, आणि २०२० मध्ये विमाने थांबल्यावर विक्री पडली ती सगळी घरांची ओढगस्त होती असेही म्हणता येत नाही. खर्चाची वही मात्र फक्त तिथे राहणाऱ्या कुटुंबांकडेच दिली जाते. उलट वहीची उणीव दारू आणि सिगारेटच्या ओळींत असते, कारण जगभर लोक हा खर्च कमी करून लिहितात. बेटावर ही चूक पकडणे तुलनेने सोपे आहे: बंदरातून किती आले आणि किती अबकारी कर भरला गेला हे ठाऊक असते, आणि त्यावरून वह्यांतला आकडा पडताळता येतो.

भारतात औद्योगिक कामगारांचा आणि शेतमजुरांचा निर्देशांक वेगवेगळा काढला जातो; प्रत्येकाचे भार त्या त्या गटाच्या वह्यांतून येतात. मॉरिशसमध्येही तसे करता येईल: तिथल्या ६,७२० वह्या उत्पन्नाप्रमाणे पाच भागांत मांडल्या तर प्रत्येक भागात सुमारे १,३४४ वह्या येतात, आणि अन्न, घर, वाहतूक अशा मोठ्या गटांचे भार काढायला एवढ्या पुरेशा आहेत. भाव तर दर महिन्याला गोळा होतातच. हे सगळे बाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग माझा दर मीच काढते.” त्यांनी तीन महिन्यांची वही लिहून पाठवली आहे. त्यांच्या रुपयात अन्नाचे सहा आणे निघाले.