मुरुमांचे मलम आणि उंदराची पाठ : एका वादाची पार्श्वभूमी

मुरुमांवरचे बेंझॉइल पेरॉक्साइड अमेरिकेत १९९१ ते २०१० अशी एकोणीस वर्षे अधांतरी होते. औषध दुकानात मिळत होते, डॉक्टर लिहून देत होते, मुलेमुली रोज लावत होती. नियामक संस्थेच्या यादीत मात्र ते 'सुरक्षित व परिणामकारक' या वर्गातून काढून 'माहिती अपुरी' या वर्गात टाकलेले होते. याला कारण ठरला १९८१ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग. त्या प्रयोगात नेमके काय पाहतात हे कळले नाही, तर मलमाची भीती आणि 'कर्करोग टाळणाऱ्या' अर्कांची जाहिरात या दोन्हींना आपण सारखेच बळी पडतो.

डांबर चोळून सशाच्या कानावर कर्करोग उत्पन्न करण्याचा जपानी प्रयोग १९१५ चा. एकाच रसायनाऐवजी दोन रसायने पाठोपाठ वापरायची दोन टप्प्यांची पद्धत १९४० च्या दशकात रूढ झाली आणि आजही जवळपास तशीच चालते. सात-आठ आठवड्यांच्या मादी उंदरांची पाठ यंत्राने भादरतात आणि दोन दिवस थांबतात. ज्यांचे केस या काळात पुन्हा वाढू लागतात त्यांना वगळतात, कारण केस वाढण्याच्या अवस्थेत त्वचा जाड होते, पेशींचे विभाजन बदलते आणि आकडे विस्कटतात. मग डीएमबीए हे रसायन ॲसिटोनमध्ये विरघळवून फक्त एकदा लावतात : साधारण १०० नॅनोमोल, म्हणजे सुमारे २६ मायक्रोग्रॅम, ०.२ मिलिलिटर द्रावणात. एवढ्याने गाठ येत नाही. काही पेशींच्या एच-रास या पेशीवाढ चालवणाऱ्या जनुकात, बहुधा ६१ व्या कोडॉनवर (जनुकातल्या तीन अक्षरी सांकेतिक तुकड्यावर), कायमचा बदल होतो आणि त्या पेशी तशाच राहतात. हा इनिशिएशनचा टप्पा.

एक-दोन आठवड्यांनी प्रमोशन, म्हणजे बदललेल्या पेशींना वाढायला चालना देणे, सुरू होते. जमालगोट्याच्या तेलातून वेगळे काढलेले टीपीए हे रसायन आठवड्यातून दोनदा, एका वेळी काही मायक्रोग्रॅम, वीसेक आठवडे लावतात. आठव्या-दहाव्या आठवड्यापासून चामखिळीसारखे पॅपिलोमा उगवतात. एक मिलिमीटरपेक्षा मोठे आणि पुढच्या पाहणीतही टिकलेले तेवढेच मोजायचे. त्यातले थोडेच पुढे खऱ्या कर्करोगात बदलतात. टीपीए थांबवले तर कित्येक विरूनही जातात.

नुसते ॲसिटोन, नुसते डीएमबीए आणि नुसते टीपीए लावलेले गट सोबत नसतील तर निकालाला अर्थ नाही. नर एका पिंजऱ्यात ठेवले तर चावाचावी होते, आणि जखम भरतानाची पेशीवाढ स्वतःच प्रमोटरचे, म्हणजे प्रमोशन घडवणाऱ्या रसायनाचे, काम करते. उंदराची जात तर सर्वांत निर्णायक. सेनकार ही जात अशाच गाठी लवकर याव्यात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेली. सी-५७ जातीचे काळे उंदीर याच मात्रेला दाद देत नाहीत.

१९८१ च्या प्रयोगात दुसऱ्या टप्प्यावर टीपीएच्या जागी बेंझॉइल पेरॉक्साइड वापरले. पॅपिलोमा आले, कर्करोगही आले. त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष होता, जो बातम्यांत बहुधा गळतो : डीएमबीएशिवाय एकटे वापरल्यावर या औषधाने कर्करोग झाला नाही, आणि पहिल्या टप्प्यावर वापरूनही काही झाले नाही. म्हणजे ते प्रमोटर ठरले, कर्करोगकारक नव्हे. पण मुक्त मूलके (पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू) सोडणारे रसायन, तेही वर्षानुवर्षे चेहऱ्यावर लावायचे, म्हणून दखल घेणे भाग होते.

खरी अडचण पुढे होती. माणसाच्या चेहऱ्यावर डीएमबीए कोणी लावत नाही. तिथे इनिशिएशनचे काम ऊन करते. मग उन्हाने आधीच बदललेल्या पेशींना हे मलम वाढवते का? दोन टप्प्यांच्या प्रयोगातून याचे उत्तर निघत नव्हते. शिवाय उन्हाच्या कर्करोगात पी-५३ या गाठींना आवर घालणाऱ्या जनुकात अतिनील किरणांची ठळक खूण सापडते, तर डीएमबीएच्या उंदरात बदल रास जनुकात असतो. आधीच्या मसुद्यात औषधाला सुरक्षित म्हणणाऱ्या संस्थेने १९९१ मध्ये शब्द मागे घेतला आणि वेगळे पुरावे मागितले : उंदीर आणि मोठे उंदीर (रॅट) यांच्या त्वचेवर दोन वर्षे लावून पाहणे, आणि केसरहित उंदरांवर अतिनील किरणांसोबत सुमारे वर्षभराची चाचणी. दोन्हींत कर्करोग वाढला नाही. मार्च २०१० मध्ये २.५ ते १० टक्के प्रमाणातले औषध अखेर सुरक्षित ठरले. वेष्टनावर ऊन टाळा, सनस्क्रीन लावा ही सूचना आली.

१९९१ चा निर्णय मला योग्य वाटतो. प्रश्न विचारायलाच हवा होता. उत्तराला एकोणीस वर्षे लागणे मात्र रुग्णांवर अन्याय होता. 'माहिती अपुरी' याचा लोकांनी 'धोकादायक' असाच अर्थ घेतला, आणि व्रण पाडणाऱ्या मुरुमांवरचे स्वस्त, जंतूंना सरावू न देणारे औषध अनेकांनी उगाच टाळले. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही १९९९ मध्ये त्याला 'वर्गीकरण शक्य नाही' अशा तिसऱ्या गटातच ठेवले होते.

२०२४ मध्ये वाद परतला, पण रसायन वेगळे होते. बेंझॉइल पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होऊन बेंझीन देते, आणि बेंझीन हे मानवात सिद्ध झालेले कर्करोगकारक आहे. एका खासगी प्रयोगशाळेने ५० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या नमुन्यांत ते मोठ्या प्रमाणात दाखवले. नियामकाने ९५ उत्पादने तपासून मार्च २०२५ मध्ये सांगितले की नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळले नाही किंवा अत्यल्प होते. मोजकी बाजारातून परत घेतली गेली. विदर्भातल्या उन्हाळ्यात ट्यूब बंद गाडीत किंवा खिडकीत ठेवू नये, मुदत संपलेली वापरू नये, एवढे यातून घ्यावे.

प्रतिबंधाच्या बाजूनेही हीच पद्धत दिशाभूल करते. हळदीतले कर्क्युमिन किंवा हिरव्या चहातले पॉलिफिनॉल टीपीएच्या थोडेसे आधी, त्याच जागी लावतात आणि पॅपिलोमा कमी आले की 'कर्करोग रोखला' म्हणतात. प्रत्यक्षात टीपीएचा दाह अडवला, एवढेच सिद्ध होते. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषध उंदरांत याच परीक्षेत उत्तम उतरले होते. अमेरिकेतल्या १,१३१ माजी सैनिकांवर ०.१ टक्के मलम वापरून पाहिले, तेव्हा नवे त्वचाकर्करोग कमी झाले नाहीत.

माणसांत जे चालले ते उंदरांच्या या प्रयोगांतून आलेच नाही. ऑस्ट्रेलियात ३८६ जणांना निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर दिल्यावर मेलॅनोमाखेरीजचे (रंगपेशींचा कर्करोग सोडून) नवे त्वचाकर्करोग २३ टक्क्यांनी घटले. गोळी थांबताच फायदा संपला. ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगाच्या पेशी मारणारे मलम चेहऱ्यावर आणि कानांवर दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावलेल्या माजी सैनिकांत पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया लागणारे स्क्वॅमस (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचे) कर्करोग ७५ टक्क्यांनी कमी झाले. त्वचा लालभडक होते, सोलते, खपल्या धरतात. घाबरून मध्येच मलम सोडणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे लागते.