सप्टेंबरची वाट: इराकमधल्या सरकत्या मुदतींची पार्श्वभूमी

१० जानेवारी २००७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराकमध्ये आणखी वीस हजारांहून अधिक सैनिक पाठवत असल्याचे जाहीर केले. हेतू स्पष्ट होता: बगदाद शांत झाले की इराकी नेत्यांना आपसांत समझोता करायला उसंत मिळेल. नोव्हेंबरपर्यंत सर्व प्रांतांची सुरक्षा इराकी सरकार हाती घेणार, असेही त्या भाषणात होते.

'पुढचे सहा महिने निर्णायक' हे तोवर फार वेळा ऐकून झाले होते. स्तंभलेखक टॉमस फ्रीडमन २००३ पासून ते इतक्यांदा म्हणाले, की टीकाकारांनी सहा महिन्यांच्या मुदतीला 'फ्रीडमन युनिट' असे नावच पाडले.

म्हणून या वेळी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मोजमाप कायद्यातच घातले. मे २००७ मध्ये अठरा निकष ठरले. त्यांत तेलाच्या उत्पन्नाचे वाटप, प्रांतिक निवडणुका, सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या जुन्या लोकांना पुन्हा सामावून घेणे असे राजकीय निकषही होते. पण वाढीव पाच ब्रिगेडपैकी शेवटची पोहोचली जूनमध्ये. जुलैच्या अंतरिम अहवालात आठच निकषांवर समाधानकारक प्रगती निघाली, तेव्हा उत्तर मिळाले: सप्टेंबरात इराकमधल्या फौजांचे प्रमुख जनरल डेव्हिड पेट्रेयस येऊन सांगतील, तोवर थांबा.

सप्टेंबरात काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाला अठरापैकी तीन निकष पूर्ण झालेले आढळले. १० सप्टेंबरला पेट्रेयस यांनी मात्र हिंसाचार घटल्याचे तक्ते मांडले. घट खरी होती. पश्चिमेकडच्या अनबार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल कायदावर उलटल्या होत्या, शिया नेते मुक्तदा अल-सद्र यांनी ऑगस्टअखेर आपल्या फौजेला थांबवले होते. तरीही माझ्या मते खरी मेख इथेच आहे. जानेवारीत समझोत्यासाठी मागून घेतलेला वेळ सप्टेंबरात हल्ल्यांच्या आकड्यांवर तोलला गेला. तारखेकडे डोळे लावून बसलेल्यांच्या हातातली मोजपट्टीच बदलली होती.

पुढचा निर्णय मार्च २००८ वर गेला. एप्रिलमध्ये पेट्रेयस यांनी वाढीव तुकड्या जुलैत परतल्यावर आणखी ४५ दिवस थांबून आढावा घ्यावा, अशी शिफारस केली. एका तारखेहून दुसरीकडे जाताना माणसे मरत होती: एकट्या २००७ मध्ये सुमारे नऊशे अमेरिकी सैनिक, त्या युद्धातला वर्षभराचा सर्वांत मोठा आकडा. इराकी नागरिक हजारोंनी गेले.

डिसेंबर २००९ मध्ये बराक ओबामांनी अफगाणिस्तानात ३०,००० सैनिक पाठवताना परतीच्या सुरुवातीचा महिना आधीच सांगून टाकला: जुलै २०११. वर्षभरात, लिस्बनच्या नाटो परिषदेत, सुरक्षा अफगाण फौजेकडे सोपवण्यासाठी सगळ्यांच्या तोंडी साल होते २०१४.