वाळूत मुद्दाम रुतणारी जहाजं

आपल्या नौदलाच्या आयएनएस शार्दूल किंवा ऐरावत या रणगाडे उतरवणाऱ्या जहाजांचा नाक वाळूत खुपसलेला फोटो कुठे फिरला की खाली एक कमेंट ठरलेली, "कॅप्टन झोपला होता का?" 2021 मध्ये एव्हर गिवन हे अजस्र मालवाहू जहाज सुएझ कालव्यात अडकल्यापासून तर जहाज जमिनीला टेकलं म्हणजे अपघातच असं लोकांना वाटायला लागलंय. पण ही जहाजं बांधलीच आहेत रुतायला! जेट्टी नाही, क्रेन नाही, सरळ किनाऱ्यावर जायचं, पुढचे दरवाजे उघडायचे आणि रणगाडे बाहेर.

शार्दूल, केसरी आणि ऐरावत या तिन्ही कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सनी बांधल्या, नौदलात आल्या 2007, 2008 आणि 2009 मध्ये. लांबी 125 मीटर, वजन साडेपाच हजार टनांच्या वर, पोटात 11 रणगाडे आणि 500 सैनिक. नौदलाच्या आधीच्या मगर क्लासच्या जहाजांचीच ही सुधारलेली आवृत्ती. इंजिनं आपल्या किर्लोस्करांची आहेत, पण पीलस्टिक या फ्रेंच कंपनीच्या लायसन्सवरची, त्यामुळे 'शंभर टक्के स्वदेशी, चीन हादरला' छापाचे फॉरवर्ड जरा दमानं घ्या. जहाजं चांगली आहेत, तेवढं पुरे आहे की.

आता मुद्द्याचं. वाळूत जहाज घालणं काही अवघड नाही, अवघड आहे ते परत निघणं.

किनाऱ्याचा तळ उतरता असतो. समजा उतार 50 ला 1 आहे, तर 125 मीटरच्या जहाजाचं नाक टेकतं तिथल्यापेक्षा शेपटाखाली पाणी अडीच मीटर जास्त खोल असणार. म्हणून बॅलास्ट टाक्यांमधलं (जहाजाचा तोल साधायला पाणी भरायच्या टाक्या) पाणी इकडचं तिकडे करून नाक वर, शेपूट खाली अशी तिरकी बैठक आधीच साधतात. किनारा त्या बैठकीपेक्षा सपाट निघाला तर शेपूट आधी टेकतं आणि नाक अजून पाण्यातच. त्याहून वाईट म्हणजे वाळूचा दांडा, जहाज दांड्यावर थांबतं, पुढे परत खोल पाणी, आणि पहिला रणगाडा उतरला की थेट तळाला. त्यामुळे आधी कुणीतरी जाऊन तळ मोजून यावाच लागतो.

किनाऱ्याकडे येतानाच मागून एक नांगर खोल पाण्यात सोडलेला असतो, जसजसं जहाज पुढे जातं तशी त्याची तार सुटत जाते. निघताना याच तारेवर जहाज स्वतःला मागे ओढून घेतं. आणि रुतलेलं असताना लाटा शेपटाला ढकलून जहाज किनाऱ्याला आडवं करायला बघतात तेव्हाही हीच तार धरून ठेवते. एकदा आडवं झालं की मग खरंच कॅप्टनची झोप उडते.

आता शाळेतला आर्किमिडीज काढा. टी-72 सारखा रणगाडा 40 ते 45 टनांचा, 11 म्हणजे अंदाजे 470 टन. जहाजाचं पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ ढोबळ 1700 चौरस मीटर धरलं तर एक सेंटिमीटर वर यायला साडेसतरा टन उतरावे लागतात, म्हणजे सगळे रणगाडे उतरल्यावर तरंगतं जहाज 27 सेंटिमीटर वर येईल. किनाऱ्यावर हेच हलकं होणं आधी त्रास देतं, कारण उतरवणं अर्धवट असतानाच नाक सुटायला लागतं आणि प्रत्येक लाटेला आपटतं. म्हणून पुढच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून नाक दाबून ठेवतात आणि काम झालं की तेच पाणी उपसून टाकतात. त्यात भर म्हणजे जमीन जहाजाचं थोडं वजन उचलते तेव्हा स्थैर्याच्या हिशोबात ते तळातून वजन काढल्यासारखंच असतं, गुरुत्वमध्य जणू वर सरकतो, मेटासेंटरपासूनचं (डोलणारं जहाज ज्या बिंदूला टांगल्यासारखं वागतं तो) त्याचं अंतर कमी होतं आणि जहाज कलंडायला सोपं होतं. रुंद बुडाच्या जहाजाकडे हे अंतर मुळात भरपूर असतं म्हणून निभावतं. त्याची किंमत भर समुद्रात मोजावी लागते, पावसाळी लाटांवर सपाट बूड परातीसारखं झटके देत डोलतं.

उरली भरती. चढत्या भरतीला रुतलात तर वाढतं पाणी स्वतःच सोडवतं. ऐन उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या माथ्यावर रुतलात तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा कमी, भांगाकडे म्हणजे सगळ्यात लहान भरतीकडे जाणारी, मग बसा पुढच्या उधाणापर्यंत. अमावस्येला शुभ कार्य नको म्हणणाऱ्यांनी एकदा कोकणातल्या कुणा होडीवाल्याला विचारावं, त्याला ती तिथी पाण्याच्या उंचीसाठी लागते, भुताखेतांसाठी नाही. 15 सप्टेंबर 1950 ला कोरियात इंचॉनला अमेरिकन सैन्य उतरलं तेही असंच उधाण गाठून, तिथे भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा मीटरचा. सामान भरलेली काही जहाजं संध्याकाळच्या भरतीला किनाऱ्यावर चढवली आणि ओहोटीत रात्रभर चिखलात बसू दिली.

शत्रूच्या तोफांसमोर असं तासन् तास बसणं आता परवडत नाही, म्हणून जगभर दूर थांबून छोट्या होड्या आणि हेलिकॉप्टर सोडणाऱ्या मोठ्या जहाजांकडे कल आहे. आपल्याकडे तसं एकच, जलाश्व, तेही 2007 मध्ये अमेरिकेकडून घेतलेलं जुनं. स्वतःची चार बांधायचं टेंडर निघालं, रखडलं आणि रद्दही झालं. दरम्यान गार्डन रीचने अंदमानसाठी 2017 ते 2021 मध्ये याच तत्त्वावरची आठ छोटी जहाजं दिली, जेमतेम 63 मीटरची, जेट्टी नसलेल्या बेटांना हीच उपयोगी.