भूक थांबवणारा निरोप

१९४९ साली अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर असे निपजले, की त्यांचं पोट भरायचंच नाही. ते खात राहत आणि नेहमीच्या उंदरांच्या तिप्पट वजनाचे होत. पुढे तिथेच तितकाच खादाड, पण मधुमेह जडलेला दुसरा वाण सापडला.

तिथलेच शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी मधुमेही उंदीर आणि निरोगी उंदीर शस्त्रक्रियेने असे जोडले, की एकाचं रक्त दुसऱ्यात जावं. निरोगी उंदराने खाणं सोडलं आणि समोर अन्न असताना तो उपासमारीने मेला. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर मधुमेही उंदराला जोडला, तर तोही तसाच गेला. मधुमेही मात्र खातच राहिला. कोलमन यांनी काढलेला निष्कर्ष मला विलक्षण वाटतो: ‘आता पुरे’ असं सांगणारं काहीतरी रक्तातून वाहतं. एका वाणाला ते बनवता येत नाही. दुसऱ्याच्या शरीरात ते बनतं, पण मेंदूला कळत नाही. लठ्ठपणा म्हणजे निव्वळ खाण्याची वाईट सवय, असं मानणाऱ्यांना हे बरीच वर्षं पटलं नाही.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला रक्तातून वाहणाऱ्या या निरोपाचं जनुक सापडलं. हा निरोप म्हणजे एक संप्रेरक (हॉर्मोन), नाव लेप्टिन. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, भूक चेतवणाऱ्या आणि भूक शमवणाऱ्या चेतापेशी शेजारी-शेजारी असतात. लेप्टिन पहिल्यांना आवरतं, दुसऱ्यांना जागं करतं. रिकाम्या जठरातून येणारं घ्रेलिन हे दुसरं संप्रेरक मात्र भूक वाढवतं.

१९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी एका मुलीची नोंद केली. वय ८ वर्षं, वजन ८६ किलो, लेप्टिनचं जनुक जन्मतःच बिघडलेलं. अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली की भूक आटोक्यात येते, वजन उतरतं. त्यांना हावरट म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

पण असा बिघाड अगदी विरळा. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. टंचाई मात्र तो चटकन ओळखतो. डाएट करून चरबी घटली की लेप्टिन घसरतं; मेंदू त्याला दुष्काळ समजतो, भूक वाढवतो आणि ऊर्जेचा खर्च आखडतो. वजन उतरवल्यानंतर वर्षभराने तपासलेल्या लोकांमध्येही ही वाढलेली भूक तशीच होती, असं मेलबर्नच्या संशोधकांना २०११ मध्ये आढळलं.